जामदारखान्याची किल्ली

एकत्र कुटुंबात वाढलेल्या वाचकांस आठवत असेल की, घरातील किल्ल्यांचा जुडगा कोणाच्या कमरेला असावा या एका प्रश्नावरून पूर्वी किती घरांत रुसवेफुगवे होत असत. ज्याच्याकडे जुडगा त्याच्याकडे घर, असा सरळ हिशेब असे. परंतु जुडगा हाती येणे निराळे व तो सांभाळता येणे निराळे, हेही त्याच घरांत सर्वांस ठाऊक असे. कोठीची किल्ली हरवली तर चार दिवस उसनवारीवर भागते. जामदारखान्याची किल्ली भलत्याच्या हाती गेली तर पिढी बुडते. हा जुना प्रश्न गेल्या वैशाखात आमच्या घरी अगदी नव्या वेषात उभा राहिला. त्याचा निकाल लावता लावता आम्हांस जे कळून आले, ते इतर कुटुंबांच्याही उपयोगी पडेल अशा समजुतीने येथे सांगत आहोत.

आमचे घर मुळशी तालुक्यात, पौडच्या पुढे. थोडी भातशेती आहे, दोन भावांचा संसार एका चुलीवर आहे. आमचे वडील बंधू, ज्यांस सारे घर दादा म्हणे, ते दोन वर्षांपूर्वी वारले. त्यांचा एक फोन होता, २०१७ साली घेतलेला. अखेरच्या आजारात, हात थरथरू लागल्यामुळे लिहिणे सुटले तेव्हा, ते त्या फोनात बोलून ठेवीत. नातवंडांसाठी रामरक्षा म्हणून ठेवली, आंबेमोहोराचे बियाणे कसे राखावे ते सांगून ठेवले, कुळाचाराची माहिती सांगून ठेवली. वहिनी रोज दिवेलागणीस तो फोन जवळ घेऊन बसतात. फोन अलीकडे फार मंदावला होता; हाक मारल्यावर दहा मिनिटांनी ‘ओ’ देणाऱ्या म्हाताऱ्यासारखी त्याची अवस्था झाली होती.

दादांचे चिरंजीव पुण्यास इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षात आहेत. सुट्टीस आले असता एके दिवशी दुपारच्या चहाच्या वेळी म्हणाले, “काका, बाबांचा फोन असाच रखडत ठेवायचा का? आपण तो रूट करू या. आणि तुमचाही फोन द्या, त्यालाही करून टाकतो. कंपनीने भरलेला सगळा कचरा निघून जाईल.”

आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. संस्कृत शिकलो ते गुरूंपाशी बसून, आणि उभा जन्म गेला तो खेड्यातील शाळेत मुलांना रूपे घोकविण्यात. ‘रूट’ म्हणजे मूळ, एवढे आम्हांस कळले. फोनाचे मूळ खणून काढायचे म्हणजे काय, ते कळले नाही. शाळामास्तराची खोड अशी की, कळल्याखेरीज ‘हो’ म्हणायचे नाही व न कळताच ‘नाही’ही म्हणायचे नाही. म्हणून आम्ही मुलाला म्हटले, “अरे, घाई कसली? आधी मला हे समजावून सांग. तुला समजावता आले तर तुला येते, असे मी धरीन.” त्यानंतरचे चार दिवस काका विद्यार्थी व पुतण्या गुरुजी, असा आमचा वर्ग भरला. त्यात जे समजले ते असे.

इ. स. १९६९ च्या सुमारास अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमध्ये केन टॉम्प्सन, डेनिस रिची आदी मंडळींनी युनिक्स नावाची संगणकप्रणाली उभारली. त्या काळी संगणक एकेकाला एकेक परवडत नसे. एकाच यंत्रावर अनेक माणसे काम करीत. एकाने दुसऱ्याच्या कागदांत हात घालू नये म्हणून प्रत्येकाला आपापली हद्द आखून दिलेली असे, आणि सर्व हद्दी ओलांडण्याचा अधिकार एकाच खात्याला असे. त्या खात्याचे नाव रूट. पुढे १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने त्याच धर्तीवर लिनक्स रचले, आणि लिनक्सचा गाभा घेऊन अँड्रॉइड तयार झाले. अँड्रॉइडवर चालणारा पहिला फोन २००८ साली बाजारात आला. म्हणजे आज आमच्या खिशात जे यंत्र आहे, त्याच्या पोटात अनेकांच्या बिऱ्हाडासाठी आखलेला जुना वाडाच आहे.

मात्र या वाड्यात बिऱ्हाडे माणसांची नाहीत, अ‍ॅपांची आहेत. प्रत्येक अ‍ॅपला एक खोली. बँकेच्या अ‍ॅपच्या खोलीत खेळाच्या अ‍ॅपने डोकवावयाचे नाही, निरोपांच्या अ‍ॅपने हिशेबाच्या खोलीत शिरावयाचे नाही. ओसरी तेवढी सामायिक. छायाचित्रे, ध्वनिमुद्रणे व कागदपत्रे बहुधा तेथे ठेवलेली असतात. साऱ्या खोल्यांच्या किल्ल्या रूटपाशी. गंमत अशी की, फोन विकत घेणाऱ्यास हा रूटचा अधिकार कंपनी देत नाही. पैसे आपण मोजले, पावती आपल्या नावाची, आणि वाड्यात आपण बिऱ्हाडकरू! कंपनीने आधीच भरून ठेवलेली काही अ‍ॅपे आपणांस काढून टाकता येत नाहीत, याचे कारण हेच. आपल्याला ओसरीवर वावरण्याची मुभा आहे. भिंत पाडण्याची नाही.

येथे आणखी एक बारकावा आहे, व तो आमच्या गुरुजींनीही पहिल्या दिवशी गाळला होता. फोनात कुलपे दोन आहेत. पहिले देवडीवरचे, त्यास बूटलोडर म्हणतात. फोन सुरू होताना आत येणारी प्रणाली कंपनीच्या शिक्क्याची आहे की नाही, हे हा देवडीवरचा पहारेकरी तपासतो. ते कुलूप काढले की दुसरी प्रणाली बसविता येते. दुसरे कुलूप आतले, म्हणजे रूटचा अधिकार. देवडी उघडली म्हणून जामदारखाना आपोआप उघडत नाही. सायनोजेनमॉड बंद पडल्यावर डिसेंबर २०१६ मध्ये लिनिएजओएस नावाची प्रणाली तिच्या जागी उभी राहिली. ती बसविण्यास देवडी उघडावी लागते; परंतु बसविल्यानंतर रूटचा अधिकार ती आपण होऊन कोणासही देत नाही. तो हवा असल्यास निराळे साधन लागते. तैवानच्या जॉन वू या तरुणाने २०१६ साली तयार केलेले मॅजिस्क हे त्यांतले प्रसिद्ध.

हे ऐकताना आम्हांस एक शंका आली. आम्ही विचारले, “देवडीचे कुलूप काढताना आतल्या सामानाचे काय होते?”

मुलाने संगणकावर कंपनीच्या सूचना उघडल्या. वाचता वाचता त्याचा आवाज हळू होत गेला. देवडीचे कुलूप उघडताच फोनातील सर्व माहिती पुसली जाते, असे तेथे स्पष्ट लिहिले होते.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, हे आमच्या ध्यानात नव्हते. त्या म्हणाल्या, “म्हणजे ह्यांचा आवाज?”

कोणी काही बोलले नाही. मुलाने त्याच रात्री तो उद्योग करावयाचा बेत केला होता. आईला फोन हलका करून द्यावा, वडिलांची मुद्रणे बाहेर काढावीत, हाच त्याचा हेतू होता. हेतूत काडीचाही दोष नव्हता. ज्या कृतीने वडिलांचा आवाज वाचावा असे त्यास वाटत होते, त्याच कृतीने तो कायमचा गेला असता. त्या दिवशी त्याने जेवणाचे पान तसेच ठेवले.

माहिती पुसण्याचा हा नियम वरवर क्रूर दिसतो, परंतु त्यामागे विचार आहे. तो नियम नसता, तर फोन चोरणाऱ्याने देवडीचे कुलूप काढून, आपली प्रणाली बसवून, आतली पत्रे व छायाचित्रे निवांत वाचली असती. पाहुण्यास घरात घेण्यापूर्वी घर रिकामे करण्याची ही रीत चोराविरुद्ध केलेली आहे. बेसावध मालक तिच्यात सापडतो, इतकेच.

दुसऱ्या दिवशी मुलाने शांतपणे पाहिले तेव्हा कळले की, दादांची मुद्रणे कोणत्याही बंद खोलीत नव्हतीच. ती ओसरीवर होती. साध्या तारेने फोन संगणकास जोडला आणि ती उतरवून घेतली. त्यासाठी रूट लागले नाही, काहीच लागले नाही. दोन निरनिराळ्या ठिकाणी प्रती ठेवल्या. नंतर वहिनींनी दोन संध्याकाळी बसून प्रत्येक मुद्रण पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकले व यादीवर खूण केली. प्रत घेतली म्हणजे काम झाले असे नव्हे. ती उघडते व पुरी आहे असे पाहिले म्हणजे काम झाले. पोथ्यांच्या नकला करणारे जुने लेखक नक्कल मूळ प्रतीशी ताडून पाहत असत, त्यातलेच हे.

आता कोणी म्हणेल, एवढा धोका आहे तर हा विषय घरात काढूच नये. आमचे मत तसे नाही, आणि त्यास आमचा स्वतःचा अनुभव कारण आहे. अँड्रॉइडच्या आरंभीच्या आवृत्त्यांत देवनागरीची सोय मुळातच नव्हती. काही कंपन्यांनी पदरचा खर्च करून ती केली, तेवढीच. आमच्या पहिल्या फोनावर माजी विद्यार्थ्यांनी पाठविलेले मराठी निरोप नुसत्या रिकाम्या चौकटींची रांग होऊन येत. संस्कृतच्या मास्तराला आपल्याच लिपीतील पत्र वाचता येऊ नये, यापरते दैन्य कोणते? अखेर आमच्या एका विद्यार्थ्याने तो फोन रूट करून त्यात देवनागरी टंक बसविला, आणि चौकटींची अक्षरे झाली. जोडाक्षरे मोडकी दिसत, वेलांट्या भलत्या जागी पडत. तरी वाचता येई. २०११ च्या अखेरीस आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून देवनागरी अँड्रॉइडमध्येच आली व ती गरज संपली. परंतु तोवर ज्यांनी वाट पाहिली नाही, त्यांच्या हाती ही किल्ली होती म्हणूनच त्यांस आपली भाषा वाचता आली, हे विसरून चालणार नाही.

शिवाय मालकी आणि ताबा यांतला भेद मुळशीच्या माणसास कोणी शिकवावा लागत नाही. १९२१ साली सेनापती बापट प्रभृतींच्या पुढारपणाखाली येथील मावळ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तो आपल्या कसत्या जमिनीवरचा ताबा जातो म्हणून. सत्याग्रह मोडला, धरण झाले, जमिनी पाण्याखाली गेल्या. आणि ते पाणी आज सह्याद्रीतून खाली कोकणात भिऱ्याच्या वीजघराकडे जाते. पाणी दाराशी आणि चावी दुसऱ्याच्या हाती, हे आम्ही लहानपणापासून पाहत आहोत. त्यामुळे “वस्तू तुमची, पण ती उघडावयाची नाही” असे कोणी म्हटले की आमचा कान टवकारतो. अमेरिकेतही हा वाद झाला. तेथील काँग्रेसच्या ग्रंथालयाने जुलै २०१० मध्ये असे ठरविले की, आपल्या फोनावर आपल्या पसंतीची अ‍ॅपे चालविण्यासाठी मालकाने कंपनीचे कुलूप काढले, तर तो स्वामित्वहक्काच्या कायद्याचा भंग होत नाही. कंपनीने दुरुस्त्या पाठविणे बंद केले म्हणून चांगले चालते यंत्र फेकून द्यावे लागणे, हीही अन्यायाचीच एक जात आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये गुगलने आपल्या पिक्सेल आठ या फोनास सात वर्षे दुरुस्त्या देण्याचे वचन दिले. दादांच्या वेळच्या सामान्य फोनांस दोनतीन वर्षांनंतर कोणी विचारीत नसे.

पण त्याच धरणाची दुसरी बाजूही आम्ही पाहिली आहे. मोठा पाऊस झाला की धरणातून मुळेत पाणी सोडतात व त्यापूर्वी नदीकाठच्या गावांना इशारा देतात. त्या वेळी दरवाजे कोणालाही, केव्हाही उघडता यावेत असे खालच्या गावातील एकही शहाणा माणूस म्हणणार नाही. किल्ली आपल्याकडे नसल्याचे दुःख खरे. किल्ली कोणाच्याही हाती असण्याचे भयही तितकेच खरे.

हे भय काल्पनिक नाही, याची दोन उदाहरणे सांगतो. २००९ च्या नोव्हेंबरात ऑस्ट्रेलियात असे घडले. ज्यांनी आपल्या आयफोनाचे कुलूप स्वतः काढले होते, त्यांपैकी अनेकांनी दुरून फोनात शिरण्याची एक सोय त्यात बसविली होती. त्या सोयीचा रूटचा परवलीचा शब्द सर्व फोनांत एकच होता, व तो बदलण्याची तसदी पुष्कळांनी घेतली नाही. एका तरुणाने त्याचा फायदा घेऊन एका फोनातून दुसऱ्यात आपोआप शिरणारा किडा सोडला. त्याने केले एवढेच की, पडद्यावर रिक अ‍ॅस्टली या इंग्रज गायकाचे चित्र लावले. लोक हसले. परंतु थोड्याच आठवड्यांत त्याच उघड्या दाराने दुसरा किडा शिरला, आणि त्याची नजर हॉलंडमधील एका बँकेच्या गिऱ्हाइकांवर होती. पहिल्या वेळी थट्टा झाली, दुसऱ्या वेळी दरोड्याचा प्रयत्न. दार मात्र तेच होते.

दुसरे उदाहरण मार्च २०११ चे. अँड्रॉइडच्या खुद्द अधिकृत बाजारात पन्नासाहून अधिक अ‍ॅपे अशी निघाली की, ती घेणाऱ्याच्या फोनातील एका फटीतून शिरून स्वतःच रूटचा अधिकार बळकावीत. त्यांस ड्रॉइडड्रीम असे नाव पडले. येथे मालकाने काहीच उघडले नव्हते. चोराने आपली किल्ली आपणच घडविली होती. यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. रूटचा अधिकार चोरास किती मोलाचा वाटतो, ही एक. आणि ज्या फोनास दुरुस्त्या येत नाहीत त्याच्या फटी तशाच राहतात, म्हणून कुलूप जसेच्या तसे ठेवणे म्हणजे सुरक्षित राहणे नव्हे, ही दुसरी. लग्नपत्रिका किंवा वाहनाचा दंड अशा नावाखाली फोनावर येणाऱ्या फाइली उघडून अलीकडे कित्येकांनी पैसे घालविले. त्यांच्या फोनांची कुलपे शाबूतच होती. आपण होऊन दार उघडणाऱ्यास कोणतेही कुलूप वाचवीत नाही.

मग निर्णय कसा करावा? आम्हांस या ठिकाणी गुरूंपाशी शिकलेली एक जुनी रीत आठवली. शास्त्रग्रंथ हाती घेण्यापूर्वी चार गोष्टी पाहावयाच्या असतात. त्यांस अनुबंधचतुष्टय म्हणतात. अधिकारी, विषय, संबंध आणि प्रयोजन, या त्या चार होत. यांतील अधिकारी म्हणजे हक्क सांगणारा नव्हे. त्या विद्येस पात्र असलेला तो अधिकारी. आज आपण अधिकार शब्द नुसता हक्क या अर्थी वापरतो आणि पात्रतेचा अर्थ विसरतो. फोनाच्या बाबतीत तोच विसर नडतो.

प्रयोजन शेवटचे असले तरी ते आधी पाहू. रूट केल्यावाचून जे होतच नाही असे आपणांस नेमके काय करावयाचे आहे? आम्ही मुलास कागदावर लिहावयास सांगितले. नको असलेली अ‍ॅपे हटविणे, जागा मोकळी करणे, वडिलांची मुद्रणे काढणे, अशी यादी झाली. पाहता पाहता असे निघाले की, बहुतेक नकोशी अ‍ॅपे सेटिंगांत जाऊन निजवून ठेवता येतात. जी तशी निजत नाहीत, त्यांतली पुष्कळशी फोन संगणकास जोडून, रूट न करताच, दृष्टिआड करता येतात. छायाचित्रे संगणकावर हलविली की जागा होते. मुद्रणांचे तर सांगितलेच. यादीतील एकाही कलमास जामदारखान्याची किल्ली लागली नाही.

विषय म्हणजे कोणता फोन, व त्यात काय आहे. आमच्या फोनावर निवृत्तिवेतनाचे खाते आहे. डिसेंबर २०१६ च्या अखेरीस भीम अ‍ॅप आले, आणि तेव्हापासून दूधवाल्याच्या हिशेबापासून खताच्या बिलापर्यंत सारे देणे हळूहळू फोनावर गेले. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२१ मध्ये डिजिटल देण्याघेण्याच्या सुरक्षिततेविषयी बँकांना सविस्तर निर्देश दिले. फोन किमान अटींस उतरला तरच अ‍ॅप चालू द्यावे, असा त्यांत एक मुद्दा आहे. म्हणून बँकेचे अ‍ॅप उघडताच ते वाड्याची पाहणी करते. देवडीचे कुलूप उघडे आहे काय, रूटची किल्ली कोणाच्या हाती आहे काय, हे विचारते. गुगलनेही अशा चौकशीची सोय अ‍ॅपांना करून दिलेली आहे. उत्तर संशयास्पद वाटले तर पुष्कळ अ‍ॅपे चालण्याचे नाकारतात. सॅमसंगच्या अनेक फोनांत तर एक सूक्ष्म फ्यूज असतो. परकी प्रणाली बसविली की तो जळतो व पुन्हा सांधता येत नाही. मग देवडी परत बंद केली तरी त्या कंपनीचा सुरक्षित कप्पा कायमचा मिटतो. शिवाय कंपनीची हमी बहुधा जाते ती निराळीच.

मुलास हे पुस्तकातून सांगावे लागले नाही. गेल्या वर्षी त्याच्या खोलीतल्या मित्राने हौसेने आपला फोन रूट केला, आणि महिनाअखेरीस खानावळीचे पैसे देताना अ‍ॅपने साफ नकार दिला. मित्राने काही युक्त्या करून ते पुन्हा चालू केले. पंधरवड्याने ते पुन्हा बंद पडले. असा उंदीरमांजराचा खेळ विद्यार्थ्यास परवडतो. ज्या फोनावर घरातील दहा माणसांचा महिना चालतो, त्यावर तो खेळता येत नाही.

येथेच तिसरी गोष्ट येते, ती संबंधाची. फोन माझा असे आपण म्हणतो. पण त्यात आमच्या कुटुंबाची औषधांची चिठ्ठी आहे, सुनेच्या खात्याचे तपशील आहेत, शेजाऱ्यांचे क्रमांक आहेत, नातीची छायाचित्रे आहेत. एकत्र कुटुंबात कर्त्याने मिळकतीसंबंधी काही करावयाचे झाले तर सर्वांच्या हिताकडे पाहावे लागते. फोनाची मिळकतही आता तशीच सामायिक झाली आहे. रूटचा अधिकार चुकून एखाद्या लबाड अ‍ॅपला दिला गेला, तर ते एका खोलीत थांबत नाही. सर्वांच्या खोल्या धुंडाळते. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, अशी जी म्हण आपल्याकडे आहे, ती येथे अक्षरशः लागू पडते.

राहिला अधिकारी. याची कसोटी आम्ही मुलास एका वाक्यात सांगितली. ज्याला उघडता येते तो पात्र नव्हे. बिघडल्यास पूर्ववत् करता येते तो पात्र. उघडण्याच्या पायऱ्या कोठेही लिहिलेल्या सापडतात. मध्येच वीज गेली, भलत्याच फोनाची प्रणाली बसविली गेली, यंत्र निर्जीव होऊन पडले, तर पुढे काय, हे ज्यास सांगता येईल त्यानेच किल्लीस हात लावावा.

या चार कसोट्यांवर आमच्या घरातील निकाल असा लागला. आमचा फोन उघडावयाचा नाही. त्यास प्रयोजन नाही, त्याचा विषय पैशाचा, त्याचे संबंध साऱ्या घराशी, आणि अधिकारी म्हणाल तर आम्ही नाही. दादांच्या फोनाविषयी आम्ही काहीही ठरविण्यास नकार दिला. तो वहिनींचा. प्रती झाल्या होत्या, तपासून झाल्या होत्या. हिशेबाने पाहता आता धोका उरला नव्हता. वहिनी मुलास म्हणाल्या, “आवाज बाहेर काढलास, पुष्कळ झाले. ह्यांचा फोन आहे तसा राहू दे. तुला शिकायचेच असेल तर तुझ्या स्वतःच्या वस्तूवर शीक.” आम्हांस दिली तशी कारणे त्यांनी दिली नाहीत, आणि आम्ही विचारलीही नाहीत. तो फोन आता सिमकार्ड काढून देवघराशेजारच्या कपाटात ठेवला आहे.

मुलापाशी त्याचा स्वतःचा एक जुना फोन होता, कोपऱ्यातून काच तडकलेला. त्यावर बँक नव्हती, सिम नव्हते, कोणाचे काही अडलेले नव्हते. तो त्याने घेतला. आधी त्या फोनाचा नेमका नमुना कोणता, हे अक्षर न अक्षर ताडून पाहिले. कंपनीची मूळ प्रणाली उतरवून जवळ ठेवली. मग देवडी उघडली. पहिल्या रात्री चूक झालीच. नवी प्रणाली अर्ध्यावर अडकली आणि पडद्यावर कंपनीचे चिन्ह तेवढे फिरत राहिले. आम्ही झोपावयास गेलो तेव्हा तो ओसरीवर दिवा लावून वाचीत बसला होता. पहाटे त्याने मूळ प्रणाली परत बसविली व दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला. या वेळी लिनिएजओएस नीट बसले. फोन सुरू होताना “याचे कुलूप उघडे आहे” अशी ताकीद आता दर वेळी पडद्यावर येते. ती यावीच, असे आम्हांस वाटते. घरात येणाऱ्यास दार उघडे असल्याचे कळलेले बरे.

आम्ही विचारले, “आता रूटही करणार काय?” तो म्हणाला, “नको काका. सध्या तरी त्याचे काही काम नाही.” हे उत्तर ऐकून आम्हांस जो संतोष झाला, तो त्याच्या परीक्षेच्या निकालानेही झाला नव्हता. ज्याने पहिल्या दिवशी दोन्ही फोन एका दमात उघडावयास घेतले होते, त्याच्या हाती आता किल्ली आहे आणि ती वापरण्याची घाई मात्र नाही.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी हा प्रश्न आज ना उद्या कोणी तरी तरुण काढीलच. त्यांस आमची विनंती एवढीच की, मुलावर डोळे वटारू नयेत आणि फोनही त्याच्या हाती मुकाट्याने देऊ नये. प्रथम प्रती घ्याव्यात व त्या उघडून पाहाव्यात. मग ज्यावर पैसा नाही आणि कोणाची आठवण नाही, अशा यंत्रावर त्यास शिकू द्यावे. उघडण्याचा हक्क मालकास असलाच पाहिजे, यासाठी वेळ पडल्यास भांडावेही. परंतु हक्क आहे म्हणून तो रोज बजावावा असे नाही.

तडकलेल्या काचेचा तो फोन हल्ली माजघरात कोनाड्यात असतो. नव्या प्रणालीने तो चांगलाच चपळ झाला आहे. दिवेलागणीस नात त्याच्यापाशी जाते, पडद्यावर बोट ठेवते, आणि दादांची रामरक्षा सुरू होते. वहिनी वाती वळता वळता ऐकतात. मधूनच दादांस खोकला येतो तेथे त्यांचा हात क्षणभर थांबतो, आणि पुन्हा चालू होतो.